सांबऱ्याच्या आभाळातल्या गिरक्या: कसरत कुठली आणि रोजचं काम कुठलं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आमच्या बांधावरून बेळगावच्या विमानतळाची, म्हणजे सांबऱ्याची, धावपट्टी दिसत नाही, पण तिच्यावर उतरायला निघालेलं विमान हमखास डोक्यावरून जातं. हवाई दलात मी बावीस वर्षं एअरफ्रेम फिटर होतो. पंख, शेपूट, पत्रा, रिव्हेट हे माझं खातं. निवृत्त होऊन बाळेकुंद्रीकडे शेती बघायला लागल्यापासून आभाळात काही वेगळं दिसलं की लोक मलाच गाठतात. डेअरीच्या रांगेत, पंगतीत, एकदा तर मयताला गेलो होतो तिथेसुद्धा. प्रश्न फिरून फिरून तेच, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. एक आधीच सांगतो, मी वैमानिक नाही. विमान उडवायचं कसं ते मला विचारू नका. उडवून आणलेल्या विमानाच्या अंगावर काय उमटलंय, तेवढं मला वाचता येतं.

बारकं विमान वर चढतं, आवाज बंद पडतो आणि नाक खाली येतं. पडतंय का वो ते?

नाही. आवाजही बंद पडलेला नसतो. शिकणाऱ्यानं थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा खटका, मुद्दाम मागे ओढलेला असतो. इंजिन मंद चालूच असतं, खाली आपल्याला ऐकू येत नाही एवढंच.

हा 'स्टॉल'चा सराव. लहानपणी बसच्या खिडकीतून हात बाहेर काढून कंडक्टरच्या शिव्या खाल्ल्या असतील, तर स्टॉल तुम्हाला आधीच माहीत आहे. तळवा जरा वर कलता धरला की वारा हात उचलतो. अजून कलवला की अजून उचलतो. मग एका हद्दीनंतर उचलायचं सोडून नुसता मागे ढकलतो. पंखाचं तेच. समोरून येणाऱ्या हवेशी पंखाचा कोन साधारण पंधरा-सोळा अंशांच्या पुढे गेला की पाठीवरून वाहणारी हवा पत्र्याला धरून राहत नाही, सुटते, आणि उचल एकदम घटते. शिकणारा हे स्वतः घडवून आणतो, नाक खाली सोडतो, इंजिनाला जोर देतो आणि नीट जमलं तर शे-दोनशे फूट घालवून पुन्हा सरळ उडायला लागतो. एकदा नाही जमलं तर दहादा करतो, म्हणून तुम्हाला तासभर तोच तमाशा दिसतो.

सांबऱ्याचा विमानतळ १९४२ साली ब्रिटिश हवाई दलानं बांधला, तेव्हा या गावांना विमान नवीन नाही. पण नागरी वैमानिक प्रशिक्षणासाठी विमानतळ प्राधिकरणानं देशातले पाच विमानतळ निवडले ते २०२१ मध्ये. त्यात बेळगाव होतं. दिवसभर घिरट्या घालणारी ही बारकी विमानं त्यानंतरची, आणि हा प्रश्नही त्यानंतरचाच.

मग कसरत म्हणायचं तरी कशाला?

नागरी विमान वाहतुकीची आंतरराष्ट्रीय संघटना आहे, आयसीएओ. तिच्या नियमावलीतली व्याख्या साध्या भाषेत अशी: मुद्दाम केलेली हालचाल, जिच्यात विमानाची ठेवण एकाएकी बदलते, किंवा ठेवणच असाधारण असते, किंवा वेगात असाधारण चढउतार होतो. 'मुद्दाम' हा शब्द सोडू नका. वळवाच्या ढगानं विमान एका अंगावर फेकलं तर ती कसरत नव्हे, ते संकट.

अमेरिकेच्या नियमात या व्याख्येला एक शेपूट आहे: 'नेहमीच्या उड्डाणाला ज्याची गरज नाही' अशी हालचाल. माझ्या मते सगळा अर्थ त्या शेपटातच आहे. स्टॉलचा सराव बघणाऱ्याला भयंकर वाटतो, पण स्टॉलमधून बाहेर येता आल्याशिवाय कुणाला एकट्यानं उडायला सोडत नाहीत. म्हणजे ती गरज झाली. तेच विमान लग्नाच्या मांडवावरून कुणाला तरी दाखवायला खाली आणून झटकन वर ओढलं, तर त्यात उलटंपालटं काही झालं नसलं तरी ती कसरतच.

'साठ अंशांच्या वर कललं की कसरत' असं एक वाक्य इंटरनेटवर फिरतं. ते अर्धवट आहे. तो आकडा अमेरिकेच्या पॅराशूटच्या नियमातला. विमानात वैमानिकांखेरीज कुणी बसलेलं असेल आणि साठ अंशांपेक्षा जास्त कलायचं किंवा नाक तीस अंशांपेक्षा जास्त वरखाली करायचं असेल, तर सगळ्यांनी पॅराशूट बांधायचं, एवढंच तो नियम म्हणतो.

वळताना विमान किती आडवं झालं तर चालतं?

प्रवासी विमान सहसा पंचवीस-तीस अंशांच्या पुढे कलत नाही. शिकाऊ विमान 'स्टीप टर्न' म्हणून पंचेचाळीस अंश कलतं, आणि तो अभ्यासक्रमाचाच भाग आहे. पण अंशापेक्षा भार बघायचा असतो.

पाण्यानं अर्धी भरलेली बादली दोरीला बांधून गरागरा फिरवली की पाणी सांडत नाही आणि हाताला ओढ बसते. विमान वळतं तेव्हा पंख म्हणजे तुमचा हात. उंची न सोडता तीस अंश कलून वळलं तर प्रत्येक वस्तूचं वजन १.१५ पट होतं. पंचेचाळीस अंशांना १.४१ पट. साठला बरोबर दुप्पट. पंचाहत्तरला ३.८६ पट. माझं वजन सत्तर किलो धरा. तीस अंशांत मी ऐंशीचा, साठ अंशांत एकशे चाळीसचा, पंचाहत्तर अंशांत दोनशे सत्तर किलोचा. साठपर्यंत आकडा सावकाश चढतो आणि मग उधळतो. त्या एकेका पटीला 'जी' म्हणतात, दुप्पट म्हणजे दोन जी.

दुसरा हिशेब लोक विसरतात. भार वाढला की स्टॉलचा वेगही वाढतो, भाराच्या वर्गमुळाच्या पटीत. सेसना १७२ चं एक मॉडेल आहे, १७२ एस. सरळ उडताना, फ्लॅप (पंखामागच्या खाली झुकणाऱ्या फळ्या) न काढता, ते सुमारे ४८ नॉटला (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) स्टॉल होतं. साठ अंशांच्या वळणात तेच विमान ६८ नॉटला स्टॉल होतं. सरळ रेषेत जो वेग आरामाचा, तोच वळणात घात करतो.

भाराची हद्द ओलांडली की पंख लगेच तुटतो का?

हा माझ्या खात्याचा प्रश्न, त्यामुळे उत्तर लांबणार.

बारक्या विमानांची अनेक दशकं चालत आलेली वर्गवारी अशी. 'नॉर्मल' वर्गातल्या विमानानं ३.८ जी सोसले पाहिजेत आणि उलट्या दिशेनं १.५२. 'युटिलिटी' वर्गात ४.४ आणि उलटे १.७६. 'ॲक्रोबॅटिक' म्हणजे कसरतीच्या वर्गात ६ आणि उलटे ३. मोठ्या प्रवासी विमानांना २.५ आणि उलटा १. हे आकडे ऐकून लोक चकित होतात. एवढं थोरलं विमान आणि अडीचच? पण त्याला कुणी कोलांट्या मारायला घेतलेलं नाही. दोन ट्रॉल्या ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरला आपण शर्यतीच्या मोटरसायकलशी तोलत नाही, तसं.

या हद्दीच्या वर आणखी दीडपट ताकद ठेवलेली असते. ३.८ चं विमान ५.७ पर्यंत मोडू नये, असा हिशेब. इथेच घोटाळा होतो. आपल्याकडे ट्रॉलीवर लिहिलेल्या वजनाच्या दीडपट ऊस घालून कारखान्याला नेतातच, आणि ट्रॉली जाते. मग विमानाचं काय बिघडतं? हद्दीच्या आत भार आला तर पत्रा वाकतो आणि परत जागेवर येतो. हद्द आणि दीडपट यांच्यामध्ये आला तर विमान मोडत नाही, पण काहीतरी वाकतं ते वाकलेलंच राहतं. ते जोडाच्या आत असतं, रंगाखाली असतं, आणि पुढच्या माणसाला कुणी सांगत नाही.

१९ फेब्रुवारी १९८५ ला चायना एअरलाइन्सचं एक बोइंग ७४७ एसपी पॅसिफिकवर ४१,००० फुटांवरून कोलमडलं आणि साडेनऊ हजार फुटांवर जाऊन सावरलं. त्यात त्यानं जवळपास पाच जी सोसले, हद्दीच्या दुप्पट. ते सॅन फ्रान्सिस्कोला उतरलं, सगळे जिवंत. शेपटाचे तुकडे गळून पडले होते आणि पंख कायमचे वर वाकले होते. ही गोष्ट सांगितली की ऐकणारा म्हणतो, 'बघा, केवढी मजबूत!' मला त्यात वाकलेले पंख दिसतात.

आता माझी गोष्ट. कसरतीच्या विमानात जी-मीटर असतो, घड्याळासारखा गोल. त्यात तीन सुया. एक आत्ताचा भार दाखवते. बाकी दोन जिथवर गेल्या तिथेच अडकून राहतात, एक वरच्या टोकाची, एक खालच्या. कोपऱ्यात एक बटण असतं, ते दाबलं की दोन्ही परत एकवर येतात. उड्डाण संपलं की आम्ही आत वाकून त्या दोन सुया वाचायच्या आणि फॉर्म ७०० मध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, लिहायच्या. एकदा एक तरुण अधिकारी सॉर्टी (एक उड्डाण) करून आला, हसत उतरला. मी आत बघितलं, तिन्ही सुया बरोबर एकवर. आता, उडून आलेल्या विमानाच्या सुया कधीच एकवर नसतात. उतरताना चाकं टेकली तरी त्या हलतात, टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवरून चालताना, सांध्यांवरून गेलं तरी हलतात. म्हणजे थांबल्यावर कुणीतरी बटण दाबलं होतं. मी वरिष्ठांना सांगितलं. ते म्हणाले, 'विचारलंय त्याला, काही झालेलं नाही, विमान लाइनवर घ्या.' मी नाही घेतलं. टॉर्च लावून पंखाच्या मुळाशी एकेक रिव्हेट बघत गेलो. ढिल्या रिव्हेटच्या डोक्यामागे काळी शेपटी उमटते. रिव्हेट भोकात घासतो, ॲल्युमिनियमची पूड होते आणि हवा ती मागे ओढत नेते. अशा शेपट्या दोन सापडल्या. विमान तीन दिवस हँगरमध्ये राहिलं. फॉर्ममध्ये कारण म्हणून काय लिहिलं गेलं ते लिहीत नाही. पण त्या भल्या माणसानं नुसतं 'जरा जास्त ओढलं' असं म्हटलं असतं, तर मला कुठे बघायचं ते तासाभरात कळलं असतं.

सावकाश उडवलं तर हवं तसं वळवता येतं, असं माझा पुतण्या म्हणतो. खरं का?

अर्धं खरं. त्याच्या पुस्तकात 'मॅन्युव्हरिंग स्पीड' म्हणून एक वेग दिलेला असेल. त्याच्या खाली उडत असताना नाक वरखाली करायची दांडी एकदम पूर्ण मागे ओढली, तर हद्दीइतका भार येण्याआधीच पंख स्टॉल होतो आणि विमान वाचतं. फ्यूजसारखं.

पण हा वेग कायमचा नसतो. विमान हलकं असेल तर तो कमी होतो, आणि नवशिक्यांना हे उलटं वाटतं. वर सांगितलेल्या १७२ एसला २,५५० पौंड वजनाला १०५ नॉट, २,२०० ला ९८, आणि १,९०० ला ९०. पंखाची उचल तेवढीच, उचलायचं वजन कमी, म्हणून झटका मोठा. रिकामी ट्रॉली खड्ड्यात किती उडते ते आठवा.

आणि फ्यूज एकाच झटक्यापुरता आहे. १२ नोव्हेंबर २००१ ला न्यूयॉर्कहून निघालेलं अमेरिकन एअरलाइन्सचं ए३०० हे विमान या वेगाच्या खालीच होतं. पुढच्या विमानाच्या भोवऱ्यात सापडल्यावर सहवैमानिकानं रडर (शेपटाच्या उभ्या पंखाची हलती फळी, ती पायानं चालते) डावीकडे-उजवीकडे, डावीकडे-उजवीकडे पूर्ण दाबलं. शेपटाचा उभा पंख मुळापासून सुटला. २६५ माणसं गेली. एका दिशेला एकदा, हा त्या आकड्याचा अर्थ. पुतण्याला हे वाचून दाखवा.

पतंग गोता खातो तसं विमान गरगरत खाली येतं, ते काय?

स्पिन. उपमा बरी आहे, फक्त पतंगाला ढील देऊन सावरता येतं आणि इथे मांजा नाही.

दोन गोष्टी एकत्र आल्या की स्पिन होतो: स्टॉल, आणि त्याच वेळी नाक एका बाजूला ओढलं जाणं. एक पंख दुसऱ्यापेक्षा जास्त मरतो आणि विमान त्याच्याभोवती भोवऱ्यासारखं फिरत खाली येतं. सुरुवातीच्या काळात यात सापडलेला माणूस बहुधा गेलाच. २५ ऑगस्ट १९१२ ला इंग्लंडमध्ये विल्फ्रेड पार्क नावाच्या वैमानिकानं दांडी ओढत बसायचं सोडून फिरण्याच्या उलट बाजूचा रडर दाबला, आणि तो वाचला. सगळ्यांदेखत घडलं म्हणून त्याची नोंद राहिली. आजही शिकवतात ते जवळपास तेच: इंजिन मंद करा, एलेरॉन (विमान कलवणाऱ्या पंखांवरच्या फळ्या) मध्यावर आणा, फिरण्याच्या विरुद्ध रडर पूर्ण दाबा, दांडी पुढे ढकला, फिरणं थांबलं की रडर सरळ करून हळूच वर काढा. शेवटचा 'हळूच' महत्त्वाचा. घाईनं ओढलं तर स्पिनमधून सुटलेलं विमान भारानं मोडतं.

एका फेऱ्याचा स्पिन आणि सावरणं यात सेसनासारख्या विमानाची सुमारे हजार फूट उंची जाते. आता सांबऱ्याचा हिशेब करा. उतरणीचा फेरा जमिनीपासून साधारण हजार फुटांवर असतो आणि शेवटचं वळण येतं तेव्हा पाचेकशे फूट उरलेले असतात. धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. आडव्या वाऱ्यानं विमान रेषेच्या पुढे गेलं, शिकणाऱ्याला जास्त कलायची भीती वाटली, म्हणून त्यानं नुसत्या रडरनं नाक ओढून आणायचा प्रयत्न केला आणि वर दांडीही ओढली, की स्पिनचं सगळं साहित्य जमलं. हजार फूट लागणार, हातात पाचशे. म्हणून शिक्षक त्या वळणात एवढे ओरडतात. ही जागा नेमकी कुणाच्या तरी शेतावर येते, आमच्याही.

त्यात आपलं गाव उंचावर. विमानतळ समुद्रसपाटीपासून जवळपास २,५०० फुटांवर आहे, म्हणजे उंचीमापक साडेतीन हजार दाखवतो तेव्हा जमीन हजारच फूट खाली असते. एप्रिलच्या दुपारी पारा ३६ ला गेला की हवा इतकी पातळ होते की इंजिनाला आणि पंखाला साडेपाच हजार फुटांवर असल्यासारखं वाटतं. पळायला धावपट्टी जास्त लागते, चढणं मंदावतं. पहाटे सुटणारी बारकी विमानं दुपारी जमिनीवर दिसली तर शाळा बंद पडली असं समजू नका.

जाता जाता, अमेरिकेनं १९४९ मध्ये खासगी परवान्यासाठी स्पिन सक्तीचा ठेवणं बंद केलं. सराव करतानाच माणसं जायची. आता भर आहे स्पिनच्या आधी थांबण्यावर. मला स्वतःला वाटतं, शिक्षक बरोबर असताना, योग्य विमानात, चांगल्या उंचीवर एकदा तरी बघितलेला बरा.

लूप पहिल्यांदा कुणी मारला?

प्योत्र नेस्तेरोव्ह, रशियन सैन्याचा वैमानिक, ९ सप्टेंबर १९१३, कीव्हजवळ. बक्षीस म्हणून सरकारी मालमत्ता धोक्यात घातल्याबद्दल अटक. दोन आठवड्यांच्या आत फ्रान्समध्ये आदोल्फ पेगूनं तेच केलं आणि त्याला लोकांनी डोक्यावर घेतलं, तेव्हा कुठे नेस्तेरोव्हची शिक्षा विरून बढती झाली. सरकारी खातं सगळीकडे सारखंच.

प्रवासी विमानालाही रोल मारता येतो म्हणे?

मारलाय. ७ ऑगस्ट १९५५ ला बोइंगचा चाचणी वैमानिक टेक्स जॉन्स्टन यानं पुढे ७०७ झालेलं नमुना विमान सिएटलच्या तळ्यावर गर्दीदेखत बॅरल रोलमध्ये फिरवलं. नीट केलेल्या बॅरल रोलमध्ये भार एक जीच्या आसपास ठेवता येतो. अमेरिकेचा कसरतीचा वैमानिक बॉब हूवर तर तसा रोल मारता मारता एका हातानं ग्लासात चहा ओतायचा. म्हणजे दिसायला सगळ्यात अचाट आणि पत्र्याला सगळ्यात सौम्य. पण नीट म्हणजे नीट. मध्ये नाक पडलं तर बाहेर काढताना जे जी येतात ते एकाचे राहत नाहीत. जॉन्स्टनला दुसऱ्या दिवशी साहेबानं बोलावून घेतलं होतंच.

साधं विमान उलटं उडवलं तर काय होईल?

थोड्या वेळात इंजिन बंद पडेल. साध्या कार्बोरेटरमध्ये तरंगणारा गोळा असतो, आपल्या टाकीतल्या बॉलकॉकसारखा. उलटं झालं की त्याला काही कळत नाही. तेल इंजिनाच्या बुडाला साठवलेलं असतं, ते वर जातं आणि पंप हवा ओढतो. जुन्या प्रकारचा कृत्रिम क्षितिज दाखवणारा जायरो एका कोनापुढे कोसळतो आणि भलतंच दाखवायला लागतो. कसरतीच्या विमानात टाकीत वजन लावलेली लवचीक नळी असते, पेट्रोल जाईल तिकडे ती जाते, आणि तेलाची वेगळी व्यवस्था असते. दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायरचं इंजिनसुद्धा नाक झटकन खाली केलं की आचके द्यायचं. १९४१ मध्ये बीट्रिस शिलिंग या बाई इंजिनिअरनं एक भोकाची बारीक चकती बसवून ते बरंचसं थांबवलं.

फवारणीचं विमान शेताच्या टोकाला गर्रकन वळतं. ती कसरत नव्हे का?

कागदावर नव्हे. शेताच्या टोकाला वर ओढायचं, आधी एका अंगाला जायचं, मग उलट फिरून त्याच ओळीवर परत यायचं, हे त्याचं काम आहे. आपल्याकडे आता ड्रोन फवारतात, त्यामुळे हे बघायला मिळणं अवघड. पण २०१७ मध्ये कर्नाटक सरकारनं 'वर्षाधारी' योजनेत ढगात रसायन सोडायला विमानं आणली, त्यांचंही तसंच. ढगात हवा जिथे वर उसळते तिथे मुद्दाम जायचं. शहाणं प्रवासी विमान तिथून वीस मैल लांबून जाईल.

फक्त पंखाला हेतू कळत नाही. दिवसातून शंभर वेळा दोन जी ओढणारं कामाचं विमान वर्षातून चारदा पाच जी ओढणाऱ्या कसरतीच्या विमानाआधी थकू शकतं. तार एकाच जागी वाकवत राहिली की तुटते, तसं. म्हणून कामाच्या विमानांचे तास आणि फेऱ्या मोजतात, आणि मोजणाऱ्यानं आळस केला तर कुणालाच कळत नाही.

ढगात विमान खड्ड्यात पडल्यासारखं होतं, तेव्हा हद्द ओलांडते का?

जवळपास कधीच नाही. पोटात गोळा येतो तो अर्ध्या जीच्या फरकानंही येतो. ए३२० सारख्या विमानात तर संगणक मध्ये बसलेला असतो. फ्लॅप आत असताना वैमानिकानं कितीही ओढलं तरी तो २.५ जीच्या वर आणि ६७ अंशांच्या पुढे जाऊ देत नाही. पट्टा बांधा, कारण विमान टिकतं, आपलं डोकं वरच्या कप्प्यावर आपटतं.

सूर्यकिरणची विमानं सांबऱ्यात असतात का?

नाही. हवाई दलाचं हे कसरतीचं पथक १९९६ मध्ये सुरू झालं, ते आपल्याच राज्यातल्या बिदरला. आधी किरण विमानं होती, २०११ मध्ये पथक थांबलं, २०१५ पासून हॉकवर परत सुरू झालं. नऊ विमानांचा ताफा. हेलिकॉप्टरचं सारंग पथक तमिळनाडूत सुलूरला असतं. सांबऱ्याच्या हवाई दलाच्या केंद्रात हवाई सैनिक घडतात, म्हणजे माझ्यासारखे. मागे सुटणारा रंगीत धूर म्हणजे इंजिनाच्या गरम झोतात सोडलेलं डिझेल आणि रंग. फेब्रुवारी २०१९ मध्ये बंगळूरच्या एअरो इंडियाच्या आधीच्या सरावात सूर्यकिरणची दोन विमानं धडकली आणि एक वैमानिक गेला. वर्षानुवर्षं रोज तेच करणाऱ्यांच्या बाबतीतही असं होतं.

मुलाला कसरत शिकायची आहे. कुठे पाठवू?

आधी बारावी गणित-भौतिकशास्त्र घेऊन पास होऊ द्या. कसरत गंभीरपणे शिकायची तर आपल्या देशात खरा रस्ता हवाई दलाचा. सवय नसलेल्या माणसाला चार-पाच जी काही सेकंद टिकले की डोळ्यांपुढे आधी करडं, मग काळं होतं, मग शुद्ध जाते, कारण रक्त पायांकडे उतरतं. पाय आणि पोट आवळून, विशिष्ट पद्धतीनं श्वास धरून आणि जी-सूट घालून लढाऊ वैमानिक नऊपर्यंत सोसतात. ते शिकवायला बंगळूरच्या हवाई वैद्यक संस्थेत माणसाला गरागरा फिरवणारं यंत्र आहे. उलट दिशेचे जी आणखी वाईट, दोन-तीनलाच डोळे लाल होतात.

विमान फारच खालून गेलं. तक्रार कुठे करायची?

सर्वसाधारण नियम असा की वस्तीवर, ६०० मीटरच्या परिसरातल्या सर्वांत उंच वस्तूच्या वर हजार फूट, आणि मोकळ्या रानावर पाचशे फूट. चढणं-उतरणं यातून वगळलेलं, त्यामुळे धावपट्टीच्या रेषेत राहणाऱ्यांनी हिशेब जरा सैल धरावा. खरंच शंका आली तर वेळ, दिशा आणि विमानावर लिहिलेल्या नोंदणीतली 'व्हीटी' नंतरची तीन अक्षरं लिहून घ्या, जमलं तर फोटो काढा, आणि विमानतळाच्या संचालकांना लेखी द्या, प्रत डीजीसीएला, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला. 'एक पांढरं विमान लई खालून गेलं' एवढ्यावर कुणी काही करू शकत नाही.

ड्रोन आणि पतंग?

विमानतळाच्या कुंपणापासून आठ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय ड्रोन नाही. आठ ते बारा किलोमीटरमध्ये दोनशे फुटांपर्यंत, त्यापुढे हिरव्या क्षेत्रात, म्हणजे जिथे परवानगी लागत नाही तिथे, चारशे. २०२१ च्या ड्रोन नियमांत आहे हे. मुतगे, सांबरा, बाळेकुंद्रीतल्या लग्नाच्या व्हिडिओवाल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. पतंग संक्रांतीला उडवा, पण धावपट्टीच्या टोकाला नको.

मोबाईलवर जी मोजता येतो का?

येतो. फोनमध्ये त्याचा सेन्सर असतोच, कुठलंही जी-फोर्सचं ॲप घ्या, विमान-मोडमध्येही चालतं. मागच्या वेळी बंगळूरला जाताना नातवानं लावलं होतं. वर चढून वळताना १.२, बाकी वेळ एकाच्या आसपास. मग गोव्याला जाताना चोर्ला घाटाच्या रस्त्यावर बसमध्ये लावलं, एका खड्ड्यात दोनच्या वर गेलं. त्यानं ते शाळेत सगळ्यांना सांगितलं. झटक्याचा आकडा आणि टिकून राहणारा भार यात फरक असतो, हे समजावायचं अजून राहिलंय. फोन मांडीवर सैल ठेवू नका, सीटच्या हातावर दाबून धरा. नाहीतर आकडा मांडीचा येतो.